विटांवरचं ‘नाही’

मंगळवार, २२ फेब्रुवारी १९८३

लालच घेतला! दुकानातला माणूस म्हणाला, ‘कुंपणाला लाल? हिरवा घ्या बाई, झाडांत मिसळून जाईल.’ मिसळून जायचंच नाहीये, म्हटलं. तो हसला. त्याला वाटलं, म्हातारी मजेत आहे.

फवाऱ्याचा डबा पिशवीत बटाट्यांखाली घालून घरी आणला. आता तो ओट्यावर विन्सच्या चहाच्या मगाशेजारी उभा आहे आणि मी त्याच्याकडे बघत बसले आहे. अठ्ठावन्न वर्षांची बाई, दुसरीच्या वर्गाची शिक्षिका, दर शनिवारी चर्चच्या वेदीवर फुलं मांडणारी — आणि भिंती रंगवायला निघाली!

भिंती नाही. होर्डिंग. नोलीन म्हणते, एवढा फरक आधी पाठ कर.

नोलीन पाइक छातीच्या वॉर्डात नर्स आहे. ऑगस्टमध्ये माझा नवरा, विन्स, गेला. शेवटचं सगळं तिनंच केलं त्याचं. तोंड फार वाईट बाईचं, हात फार मऊ. विन्स बस चालवायचा, म्हणून त्याला म्हणायची, ‘ए ड्रायव्हर, श्वास घे, तुझा स्टॉप आला नाही अजून.’ तो नळ्यांमधून हसायचा. अंत्यविधीनंतर सँडविच खाताखाता तिनं हळूच सांगितलं — वॉर्डातल्या काही नर्स, एक डॉक्टर आणि कॉलेजातले एक मास्तर मिळून सिडनीभर सिगारेटच्या होर्डिंगांवर लिहीत फिरतात. ‘आमची अक्षरं म्हणजे कोंबडीचे पाय गं. तुला ननांनी शिकवलंय. येतेस?’

तेव्हा नाही म्हटलं होतं. पण मागच्या आठवड्यात शाळेच्या फाटकासमोरच्या होर्डिंगवर नवी जाहिरात लागली. चर्चच्या हॉलची बाजूची भिंत, तिच्यावर ते — आमच्या दुसरीच्या रांगेच्या बरोबर समोर. होडीत बसलेलं तरुण जोडपं, पांढरे दात, निळं पाणी, हातात सिगारेट. रोझाना मला विचारते, ‘मिसेस कार्मोडी, ते इतके खूश का आहेत?’

सात वर्षांची आहे ती.

गुरुवार, २४ फेब्रुवारी

मागच्या अंगणात जुन्या चादरीवर सराव. बोट दुखतं. मनगटानं लिहायला गेलं की अक्षर थरथरतं, रंग ओघळतो. मग लक्षात आलं — खांद्यातून लिहायचं, फळ्यावर लिहितो तसं! हे तर मला येतं की. जन्मभर हेच केलं.

शेजारच्या मिसेस तियर्नीनं कुंपणावरून विचारलं, ‘काय रंगवताय?’ चादर, म्हटलं. खोटं थोडंच बोलले.

मंगळवार, १ मार्च

आज पहिलं. आज सुटी काढली होती — दातांच्या डॉक्टरकडे जायचंय, असं सांगून. (हे मात्र खोटं. शनिवारी कन्फेशनमध्ये फादरना सांगेन. किंवा नाही सांगणार.)

मला वाटलं होतं अंधार, चेहऱ्यावर रुमाल, पळापळ. नोलीन हसून हसून वाकली. ‘अंधारात चोर लिहितात. आपण सकाळी चहानंतर.’ तिनं मला वॉर्डातला पांढरा कोट दिला. तो घालून, शिडी घेऊन, मोठ्या रस्त्यावरच्या होर्डिंगखाली उभ्या राहिलो. जाणारे-येणारे बघतही नव्हते. पांढरा कोट आणि शिडी म्हणजे कामावरची माणसं! एका तरुण पोलिसानं तर थांबून म्हटलं, ‘जपून हं मावशी, शिडी नीट लावा.’ नोलीन म्हणाली, ‘देव तुझं भलं करो बेटा.’ मी वर होते. हसू आवरताना ‘फुप्फुस’ शब्दातली दोन अक्षरं एकमेकांवर चढली.

त्यांचे नियम आहेत. कुणाच्या घरावर लिहायचं नाही, देवळावर-चर्चवर नाही, छोट्या दुकानदाराच्या भिंतीवर नाही. दुसऱ्या कुणी लिहिलेल्यावर लिहायचं नाही, मग ते प्रेमपत्र असो की शिवी. शेजारी जागा शोधायची. पळायचं नाही. कुणी विचारलं तर ‘दुरुस्ती करतोय’ म्हणायचं.

वहीत दुरुस्ती लालनंच करतात. मला डबा घेताना हे सुचलंच नव्हतं!

घरी आल्यावर हात धुतले, बटाटे सोलले आणि एकदम लक्षात आलं, मी गाणं गुणगुणत होते. ऑगस्टनंतर पहिल्यांदा.

रविवार, ६ मार्च

काल निवडणूक झाली. खांबाखांबावर, कुंपणाकुंपणावर पुढाऱ्यांचे चेहरे चिकटवलेत. त्यांना कुणी विद्रूप करणं म्हणत नाही!

चर्चमधल्या मिस्सेनंतर विन्सची जुनी पेटी उघडली. एक फोटो आहे — न्यू गिनीतला, लढाईतला. विन्स खोक्यांच्या ढिगासमोर उघडा उभा, काटकुळा, कान बाहेर आलेले. मागच्या खोक्यावर खडूनं काढलंय: भिंतीवरून डोकावणारं टक्कल, लांब नाक, दोन हातांची बोटं, आणि खाली ‘फू इथे येऊन गेला’. सगळ्या सैन्यात जिथेतिथे हाच फू. विन्स सांगायचा, ‘आम्ही चिखल तुडवत कुठेतरी पोचायचो, वाटायचं इथे आपणच पहिले — आणि झाडाच्या बुंध्यावर फू हजर! इतकं बरं वाटायचं, लिओनी. म्हणजे कुणीतरी आधी येऊन जिवंत पुढे गेलंय.’

मला तेव्हा ही पोरकट गंमत वाटायची. मी काय, कॉन्व्हेंटमधली! आमच्या बाकावर टाचणीनं नाव कोरलं तर गुडघ्यावर बसायला लागायचं. तरी सगळ्या बाकांवर नावं होतीच. माझ्या बाकावर एक ‘डी. एम.’ होती. कोण असेल, कशी असेल, तिची आद्याक्षरं बोटानं चाचपत मी वर्षभर भूगोल ऐकला. आणि फुटपाथवर खडूनं लिहिलेला तो एकच शब्द, ‘अनंतकाळ’ — लहानपणी तो दिसला की आई माझा हात ओढायची, पाय पडू नये म्हणून. नंतर व्हिएतनामच्या वेळी भिंतीभिंतीवर ‘पोरांना पाठवू नका’. ते वाचत मी बसमधून जायची, विन्स चालवत असायचा. कुणी लिहिलं ते कधी कळलं नाही.

लोक लिहितातच. कागद मिळाला नाही की भिंतीवर.

शनिवार, १२ मार्च

झालं! पण घोटाळाही झाला. सगळं नीट लिहून ठेवते.

वाक्य मी आठवडाभर घोळवलं होतं. नोलीनला चटकदार हवं होतं. मी म्हटलं, साधं. सकाळी फुलं मांडून चर्चमधून निघाले आणि थेट हॉलच्या बाजूला आले. नोलीन कोट घालून शिडी धरून तयारच. ‘भिंत चर्चची आहे ना गं?’ तिनं विचारलं. ‘भिंत चर्चची, होर्डिंग कंपनीचं,’ मी म्हटलं. ‘मी होर्डिंगच्या बाहेर जाणार नाही.’

होडीतल्या जोडप्याच्या निळ्या आभाळावर, डाव्या टोकापासून लिहायला लागले. ‘माझा नवरा तुम्ही नेलात. आता ही मुलंसुद्धा?’

हात सुटला होता, अक्षर काय सुंदर येत होतं! आणि लिहितालिहिता माझ्या लक्षातच आलं नाही की जागा संपत आलीय. शेवटचा एकच शब्द राहिला आणि होर्डिंग संपलं. दुसरीच्या पोरांना रोज सांगते मी — आधी ओळ आखा, शेवटचा शब्द मावेल का बघा, मग पेन्सिल टेकवा. रोज!

नोलीन खालून ओरडली, ‘थांब, तेवढं राहू दे!’

कसं राहू देणार? त्या शब्दासाठीच तर सगळं वाक्य होतं. हात थांबला नाही. चौकट ओलांडून, चर्चच्या जुन्या विटांवर, ढळढळीत लाल —

नाही.

सोमवार, १४ मार्च

सकाळी रांगेत पोरांनी वाचलं. सगळी दुसरी, एका सुरात, पाढे म्हणतात तशी. शेवटी रोझाना एकटीच पुन्हा ‘ना-ही!’ म्हणाली, आणि मग सगळेच.

दुपारी कोस्टा आला. होर्डिंगवर कागद चिकटवणारा ग्रीक माणूस, वर्षानुवर्षं ओळखीचा. खळीची बादली, लांब दांड्याचा ब्रश. तासाभरात वाक्य नव्या कागदाखाली गेलं. विटांवरचं गेलं नाही. त्यानं तारेच्या ब्रशानं घासलं, कसलंसं तेल लावलं. जुन्या मऊ विटा, त्यांनी रंग पिऊन टाकला होता.

मी फाटकाशी उभी होते. तो म्हणाला, ‘मॅडम, कुणी गाढवानं लिहिलंय. अक्षर मात्र राणीचं!’

मंगळवार, १५ मार्च

सिस्टर बेनिग्नांनी बोलावलं.

सत्तरी उलटली तरी पाठ ताठ. मी सहावीत होते तेव्हा त्या नव्या सिस्टर होत्या. आता शाळा त्यांच्याच हातात आहे. टेबलाच्या या बाजूला मी बसले की अजूनही मोजे वर ओढावेसे वाटतात.

‘ते तू लिहिलंस.’ हा प्रश्न नव्हता.

‘हो, सिस्टर.’

‘चर्चच्या विटांवर.’

‘होर्डिंगवर, सिस्टर. शेवटचा शब्द तेवढा —’

‘ओळ आखून घेतली नव्हतीस?’

मेलेच! इतक्या वर्षांनी, त्याच बाईसमोर, त्याच चुकीसाठी मान खाली.

पण पुढचं ऐकून मान वर आली. कंपनी माझ्यावर काही करणार नाही — एक विधवा, एक शाळा, वर्तमानपत्रं, नको ती बोंबाबोंब! पण भिंत चर्चची आहे. तो शब्द चर्चनं काढावा असा त्यांचा निरोप आहे. नाहीतर पुढच्या वर्षी होर्डिंग नाही. आणि होर्डिंग नाही म्हणजे भाडं नाही. आणि शाळेच्या छपराचं काम त्या भाड्यावर चाललंय.

हे मला माहीतच नव्हतं. फादरांनी कधीतरी होकार दिला असेल, एवढंच वाटायचं.

‘म्हणजे माझ्या वर्गावरचे पत्रे सिगारेटीच्या पैशांचे?’

‘माझ्या डोक्यावरचेही,’ सिस्टर म्हणाल्या. ‘जा. घंटा झाली.’

शुक्रवार, १८ मार्च

चर्चनं रंगारी आणला. त्यानं विटकरी रंगाचा पट्टा मारला शब्दावर. रंग जुळला नाही. आता भिंतीवर एक चौकोनी ठिगळ दिसतं, ताजं, गुळगुळीत, लांबून नजर तिथेच जाते.

आणि पोरं? ठिगळच वाचतात! रांग उभी राहिली, सगळ्यांनी ठिगळाकडे बघितलं आणि एका दमात — ‘नाही!’

मी गप्प करायला हवं होतं. बुटाची नाडी बांधायला खाली वाकले.

बुधवार, २३ मार्च

फादरांचं पत्र. भाषा गोड. मी एका माफीपत्रावर सही करायची — झालं ते चुकलं, पुन्हा कुठल्याही भिंतीवर वा फलकावर लिहिणार नाही. मग विषय संपला. नाहीतर ‘दुसरीच्या वर्गाचा विचार करावा लागेल’. वर्गाचा विचार! म्हणजे मला काढायचं.

संध्याकाळी जॅसिंटा आली. माझी एकुलती एक लेक, वकिलांच्या ऑफिसात टायपिस्ट. कोट न काढताच सुरू झाली.

‘आई, तुला वेड लागलंय का? त्या नर्सनं काय पाजलं तुला?’

‘चहा.’

‘थट्टा नको! बाबा गेल्यावर तू अख्खा महिना पडदेसुद्धा उघडले नव्हतेस. शाळा होती म्हणून उठलीस. ती गेली तर काय करणार आहेस दिवसभर? कुंपण रंगवणार?’

बोचलं. कारण खरं होतं. सकाळी त्या पोरांची नावं घेतली नाहीत तर माझं तोंड उघडायलाच कारण नाही या घरात.

‘एक सही, आई. मनातून काहीही म्हण.’

‘मनातून एक आणि कागदावर एक, असं मला शिकवलेलं नाही.’

‘झालं! आल्या नन मधे!’ दार आपटून ती मागच्या पायरीवर गेली. मी किटली ठेवली, खिडकीतून बघितलं. पायरीवर बसून, बापासारखीच हाताच्या ओंजळीत काडी धरून, ती सिगारेट पेटवत होती.

 किटली शिट्ट्या मारत राहिली.

रविवार, २७ मार्च

ईस्टरआधीचा झावळ्यांचा रविवार. चर्चच्या दारात अर्धे लोक माझ्याशी जरा जास्तच प्रेमानं बोलले, अर्धे झावळीआडून बघून गेले. मिसेस तियर्नी म्हणाली, ‘चादरच रंगवत होतात म्हणे.’ मी म्हटलं, ‘सरावाला, मिसेस तियर्नी. तुमचीही आणा, करून देते.’

रविवार, ३ एप्रिल

ईस्टर. विन्स उपवासकाळात दर वर्षी सिगारेट सोडायचा. चाळीस दिवस कपाळावर आठी, तोंडात पेपरमिंट. आणि ईस्टरची मिस्सा संपली की चर्चच्या पायरीवरच पहिली पेटवायचा. डोळे मिटून, एखाद्या संतासारखा. आम्ही सगळे हसायचो. मीसुद्धा हसायचे! ‘बघा, प्रभू उठला आणि विन्सची सिगारेटही.’ दर वर्षी हाच विनोद.

त्याला सोडता येत होतं. दर वर्षी यायचं. आणि पायरीवरून समोर बघितलं की होर्डिंग, नवंकोरं, खास ईस्टरला बदललेलं.

आज पायरीवर उभी राहिले. सही करणार नाही.

गुरुवार, ७ एप्रिल

सिस्टर बेनिग्ना स्वतः घरी आल्या. पायी. मी लॅमिंग्टन, खोबऱ्यात घोळवलेले केक, केले होते ते पुढे ठेवले, त्यांनी खोबरं बाजूला काढत एक खाल्लं. मग पर्समधून कागद. पेनसुद्धा आणलं होतं.

‘लिओनी, मी तुझ्याशी धर्म बोलायला आले नाही. छपराबद्दल बोलायला आले. पावसाळी दिवस येतील. तुझ्याच वर्गात गळतंय.’

‘बादल्या ठेवीन, सिस्टर.’

‘बादल्यांत मुलं बसवता येत नाहीत.’

‘होर्डिंगखाली उभी करता येतात?’

 मी थांबले नाही, आवाज माझाच मला अनोळखी. ‘रोझानाच्या आईला विचारा, ती म्हणेल गळू दे. जोनाथनच्या बापाला विचारा, रात्रभर खोकतो तो, भिंतीपलीकडे ऐकू जातं. तुम्ही कुणाला विचारलंच नाहीत. लॉटरी काढू, केक विकू, मी दर शनिवारी हॉलमध्ये उभी राहून विकेन. पण त्या होडीवाल्यांच्या पैशांनी मी माझ्या वर्गावर छप्पर घालून घेणार नाही आणि वर त्यांची माफीही मागणार नाही!’

‘त्यांची नाही. चर्चची.’

‘चर्चला एवढंच वाईट वाटत असेल तर चर्चनं ठिगळ खरडून काढावं आणि शब्द ठेवावा.’

माझ्या तोंडून हे कसं निघालं! सिस्टरनी पेनचं टोपण लावलं. खूप वेळ लावला टोपण लावायला.

‘तू नेहमीच खडू फार दाबून लिहायचीस,’ म्हणाल्या. उठल्या. दारात म्हणाल्या, ‘सोमवारपासून दुसरीला मिस हॅलोरन घेईल. चावी उद्या ऑफिसात ठेव.’

खोबरं बशीच्या कडेला नीट गोळा करून ठेवलं होतं त्यांनी. ते बघून रडू आलं. त्याआधी नाही.

सोमवार, ११ एप्रिल

घंटा इथवर ऐकू येते. इतकी वर्षं कधी कळलंच नव्हतं, कारण घंटेच्या वेळी मी घरी नसायचे.

हजेरी मनातल्या मनात घेतली. अँजेलो, बिन्ह, कॅथरीन... ‘हजर’ कुणी म्हटलं नाही.

इस्त्री केली. केलेल्या कपड्यांना पुन्हा.

मग वाऱ्यावर आलं — लांबून, बारीक, पण नक्की. सगळ्यांचं मिळून.

‘नाही!’

इस्त्री तशीच ठेवून दारात धावले. उशाची खोळ जळाली. जळू दे!

शुक्रवार, १५ एप्रिल

कोस्टा भेटला, शाळेच्या कोपऱ्यावर. शिडीवरूनच हाक मारली. ‘मॅडम! ते गाढव तुम्ही होय?’

‘मीच.’

‘शंभर वर्षं जगा! पण माझं जगणं मुश्कील केलंत. होडीवाले गेले. त्यांच्या जागी कंपनीनं काय पाठवलंय बघा — पाव!’ त्यानं हात पसरून दाखवलं. भलामोठा पाव, लोणी वितळतंय, हसरी आई. ‘आणि तुमची पोरं काय करतात? पावालाही नाही! काल पाववाल्यांचा साहेब बघायला आला होता. पोरं रांगेत. साहेब हसला, हात हलवला. पोरांनी एकदम — नाही! साहेब गाडीत बसून गेला.’

मी हसू दाबलं. ‘दुधाची लावून बघ.’

‘साबणाची लावली तरी तेच होणार. पोरांना आता जाहिरात दिसतच नाही मॅडम, फक्त ते ठिगळ दिसतं.’ तो खाली उतरला, आवाज खाली केला. ‘माझा भाऊ अथेन्सच्या भिंतींवर लिहायचा. लष्करातल्या कर्नलांची हुकूमशाही होती तेव्हा. सैनिक पुसायचे. तो म्हणायचा, पुसलेली जागा लोक जास्त नीट वाचतात.’

‘कुठे असतो?’

‘मेलबर्नला. मासे तळतो. आता फक्त भाव लिहितो.’

गुरुवार, २१ एप्रिल

कंपनीनं चर्चला कळवलं — होर्डिंग काढून नेणार. भाडं बंद.

खाटकाकडे एक बाई माझ्याकडे पाठ करून मोठ्यानं म्हणाली, ‘काही लोकांच्या हौसेपायी आपल्या पोरांच्या डोक्यावर पाणी गळणार.’ मी पुढे झाले. ‘तुमचं नाव केकच्या यादीत लिहू का? शनिवारी हॉलमध्ये.’ तिनं चॉप्स घेतले आणि गेली. खाटकानं मला सॉसेज जास्तीचे घातले.

नोलीनचा फोन. ‘जिंकलीस गं, कार्मोडी! चल, पार्टी!’ मला पार्टी नको होती. होर्डिंग जाईल, दुसरी मात्र मिस हॅलोरनचीच राहील. मिस हॅलोरनला बिन्हचं नावही नीट घेता येत नाही.

तरी — पुन्हा ती सकाळ आली तर? पुन्हा लिहीन. ओळ आखून लिहीन. ‘नाही’ मात्र विटांवरच काढीन.

सोमवार, २५ एप्रिल

अँझॅक डे, लढाईत गेलेल्यांच्या स्मरणाचा दिवस. विन्सची पदकं उजव्या बाजूला लावून पहाटेच्या प्रार्थनेला गेले. जॅसिंटा आली होती, न सांगता. थंडीत माझ्या कोटाच्या खिशात हात घालून उभी राहिली, लहानपणी राहायची तशी. परत येताना म्हणाली, ‘केक कुठला करणारेस?’

‘मार्बल.’

‘मी स्कोन आणते.’ जरा पुढे गेल्यावर, माझ्याकडे न बघता, ‘सोडायचा प्रयत्न करतेय. लगेच काही बोलू नकोस.’

नाही बोलले. देवाशपथ, एक शब्द नाही!

बुधवार, २७ एप्रिल

होर्डिंग काढायला माणसं आली. मी फाटकाबाहेर, माझी जागा आता बाहेरच्या फुटपाथवर. पोरं कुंपणाला चिकटून. कोस्टानं खिळे उपटले, फळ्या एकेक करून खाली आल्या, पन्नास वर्षांची खळ आणि कागद, पुठ्ठ्याएवढे जाड. शेवटची फळी निघाली.

मागच्या विटांवर, ऊन-पाऊस न लागल्यानं अजून पांढरीशुभ्र, चुन्यानं लिहिलेली माणसाएवढी अक्षरं होती. मंदीच्या काळातली, भाडं थकलं म्हणून पोलीस माणसांना घराबाहेर फेकत होते तेव्हाची. ‘या गल्लीतलं एकही घर आम्ही रिकामं करू देणार नाही.’

सिस्टर बेनिग्ना कधी येऊन शेजारी उभ्या राहिल्या कळलं नाही. भिंतीवरची नजर न काढता त्यांनी दुसरीच्या वर्गाची चावी माझ्या हातात ठेवली.

‘सिस्टर, सही?’ मी विचारलं.

त्यांनी ऐकलंच नाही. ‘ते “घर” तिरकं गेलंय बघ,’ म्हणाल्या. ‘शिडी हलत होती माझी.’